पांढरे म्हणजे कोणते पांढरे?

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीस, आमच्या गावची पंधरावीस मंडळी माळव्याची सहल करून आली. इंदूर, देवास, धार आणि मांडू असा पाच दिवसांचा बेत होता. पाद्री बरोबर असला म्हणजे गाडी वेळेवर मिळते आणि पाऊस आवरता राहतो, अशी कोणाची तरी समजूत असावी. कारण मलाही त्यांनी ओढून नेले. गाडी उशिरा आली आणि पाऊस पाचही दिवस पडला, ही गोष्ट निराळी.

परत आल्यावर एका रविवारी सायंकाळी सर्वांनी आपापले फोटो एकत्र बसून पाहावयाचे ठरविले. शाळेच्या एका वर्गात भिंतीवर चादर ताणली, प्रोजेक्टर आणला, मुलांना पुढे बसविले. नेहमीप्रमाणे अर्धे फोटो जेवणाचे निघाले. मग मांडूच्या होशंगशाहाच्या कबरीची पाळी आली. पहिल्या फोटोत ती लोण्यासारखी पिवळट होती. दुसऱ्यात तिच्यावर गुलाबी झाक होती. तिसऱ्यात ती निळी होती. थोडीथोडकी नव्हे, शाईत बुडवून काढल्यासारखी निळी. पाठीमागे बसलेल्या एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, “फादर, आपण थडगं एक पाहिलं की तीन?”

हशा ओसरल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. “मग यातलं खरं कोणतं?”

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि या सदरातून सविस्तर लिहीन असे आश्वासन दिले. ते आज पुरे करतो. आरंभीच कबुली देतो, की ती निळी कबर माझी होती.

वाचकहो, एक साधा प्रयोग करून पाहा. आपला धुतलेला पांढरा रुमाल दुपारी अंगणात नेऊन पाहा. तोच रात्री पिवळ्या बल्बखाली पाहा. वीज गेली तर मेणबत्तीजवळ धरून पाहा. तिन्ही वेळा आपण त्यास पांढराच म्हणणार. वस्तुतः रुमालावरून डोळ्यांत येणारा प्रकाश तिन्ही वेळा निराळा असतो. दुपारी त्यात सर्व रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. बल्बखाली तांबडे-पिवळे फार आणि निळे थोडे. मेणबत्तीजवळ तर निळे नावापुरतेच. परंतु आपला डोळा, आणि डोळ्यामागचा मेंदू, मोठा क्षमाशील आहे. खोलीत शिरताच काही क्षणांत तो तेथल्या प्रकाशाचा रंग ओळखतो, मनातल्या मनात तो वजा करतो आणि उरलेल्यास रुमालाचा रंग म्हणतो. ही वजाबाकी इतकी बेमालूम होते, की ती होते आहे याचा आपणांस पत्ताही नसतो.

कॅमेऱ्याला मेंदू नाही. त्याच्यावर जो प्रकाश पडला तो तसाच्या तसा तो मोजतो. म्हणून बल्बखालचा रुमाल त्याला पिवळा दिसतो, आणि तो खोटे बोलत नसतो. तो प्रकाश खरोखरीच पिवळा असतो. त्याला पांढरे काय ते आपण सांगावयाचे असते. हे सांगणे म्हणजेच छायाचित्रकार ज्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात ते. आपण त्याला पांढऱ्याचा समतोल म्हणू.

हा समतोल मोजण्याचे माप लोहाराच्या भट्टीतून आले आहे, असे म्हटले तरी चालेल. लोखंड तापू लागले की प्रथम ते काळपट तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फारच तापले तर पांढरे. म्हणजे प्रकाशाचा रंग सांगावयाचा तर ‘इतके तापलेल्या वस्तूसारखा’ असे सांगता येते. त्याकरिता शास्त्रज्ञ केल्विन नावाच्या अंशांचा उपयोग करतात. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचा प्रकाश सुमारे २८००, दुपारचे ऊन सुमारे ५५००, ढगाळ दिवस सुमारे ६५००, आणि निरभ्र दिवशी झाडाखालची सावली ७५०० किंवा त्याहूनही वर. सावलीला निळ्या आभाळाचाच उजेड असतो, म्हणून ती निळी. थंडगार सावलीचा आकडा मोठा आणि ऊबदार मेणबत्तीचा लहान, हे प्रथम विचित्र वाटते. पण लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे आणली म्हणजे घोटाळा राहत नाही. अधिक तापलेले ते निळ्याकडे, कमी तापलेले ते तांबड्याकडे.

घोटाळा होतो तो पुढे, आणि माझा तेथेच झाला. कॅमेऱ्यात आपण जो आकडा किंवा जे चिन्ह ठेवतो, ते फोटो कसा हवा याचा हुकूम नसतो. उजेड कसा आहे याची ती वर्दी असते. बल्बचे चिन्ह ठेवले म्हणजे आपण कॅमेऱ्याला म्हणतो, “बाबा रे, येथला उजेड पिवळा आहे.” तो आज्ञाधारकपणे चित्रात निळे वाढवितो आणि पिवळेपणा फेडतो. धारला मुक्कामी पहिल्या रात्री खोलीत एकच पिवळा बल्ब होता. तेथे काही फोटो काढावयाचे म्हणून मी बल्बचे चिन्ह ठेवले, फोटो चांगले आले, आणि समाधानाने झोपलो. सकाळी पस्तीसेक किलोमीटरवरील मांडूस गेलो आणि चिन्ह पालटावयाचे विसरलो. वर पावसाळी आभाळ, पुढे पांढराशुभ्र संगमरवर, आणि कॅमेरा बिचारा अजून धारच्या खोलीतल्या बल्बचा पिवळेपणा फेडीत बसलेला! जो पिवळेपणा तेथे नव्हताच तो फेडताना त्याने सगळे निळे करून टाकले. त्या लहानशा पडद्यावर भर पावसात मला काही दिसलेही नाही.

ही कबर पाहण्यासारखी आहे, म्हणून दोन शब्द. माळव्याचा सुलतान होशंगशाह १४३५ साली वारला. कबरीचे काम पुढे महमूद खिलजीच्या काळात पुरे झाले. संगमरवरात बांधलेल्या आपल्या देशातील अगदी जुन्या इमारतींत तिची गणना होते. १६५९ साली शाहजहानच्या पदरचे वास्तुकार ती पाहावयास आले होते. उस्ताद हमीद हा त्यांपैकी एक. दारावर तसा लेख कोरलेला आहे. ताजमहाल तोवर बांधून झाला होता. तो बांधणाऱ्या राजाच्या कारागिरांनी येथे येऊन मान लवविली, असे तेथे गेल्यावर सर्वच सांगतात. मला मात्र त्या दगडाचेच अधिक नवल वाटले. दुरून तो पांढरा. जवळ गेले की त्यावर शेकडो पावसाळ्यांचे करडे ओघळ, कोठे शेवाळाची हिरवी छटा, कोठे मधासारखा डाग. आत अंधार, आणि जाळीतून गाळून येणारा उजेड बाहेरच्या हिरवळीवरून परतून आलेला, म्हणून तोही किंचित हिरवा. अशा ठिकाणी ‘खरा रंग’ हा प्रश्न मावशींना पडला यात नवल नाही.

आता उरलेल्या दोन फोटोंचा न्याय करून टाकू. पिवळट फोटो ज्याचा होता त्याने सावलीचे चिन्ह ठेवले होते. कॅमेऱ्यावर घर आणि त्याची सावली काढलेली असते ते. कॅमेऱ्याने सावलीचा निळेपणा फेडण्यासाठी पिवळे घातले, पण तितका निळेपणा तेथे नव्हता. ढगांतून थोडे ऊन उतरले होते. गुलाबी फोटो ज्यांचा होता त्यांनी तर काहीच केले नव्हते. सर्व कारभार कॅमेऱ्यावर सोपविला होता.

बहुतेक लोक तसेच करतात आणि बहुतेक वेळा ते चालते. परंतु हा स्वयंचलित कारभार कसा चालतो ते ठाऊक असलेले बरे. आजचे कॅमेरे पुष्कळ हुशार झाले आहेत. पण त्यांची मूळ समजूत साधी आहे. ती अशी, की जगातले सगळे रंग एकत्र कालविले तर सरासरीने करडा रंग निघतो. चित्रात हिरवे फार दिसले, की कॅमेऱ्यास वाटते उजेडच हिरवा असला पाहिजे. आणि तो हिरव्याचा विरोधी जो गुलाबी-जांभळा, तो ओततो. पावसाळ्यातले मांडू म्हणजे चहूकडे हिरवेच हिरवे. गवताचा दंड कबरीला झाला! आपल्याकडे लग्नात लाल लुगड्यातल्या आठदहा बायका एका ओळीत उभ्या केल्या, की असेच होते. लुगड्यांचा लाल मरतो आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हिरवट-निळसर मळभ येते. कॅमेऱ्याला लुगडे कळत नाही.

कॅमेऱ्याच्या आत हे कसे घडते? आत जी प्रकाश टिपणारी तबकडी असते तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात, आणि प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच बसविल्यासारखी गाळणी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर या संशोधकाच्या नावे १९७६ साली या रचनेचे पेटंट निघाले. त्याने निम्मी घरे हिरवी ठेवली, आणि पाव-पाव तांबडी व निळी. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच रचना आहे. बल्बच्या उजेडात निळ्या घरांत फार थोडा प्रकाश जमतो. पांढऱ्याचा समतोल करणे म्हणजे तांबड्या आणि निळ्या घरांचे आकडे अशा रीतीने गुणून घेणे, की पांढऱ्या वस्तूपासून तिन्ही जातींच्या घरांना सारखाच वाटा मिळावा. एवढेच काय ते गणित. सेमिनरीत असताना मी फिल्मचा कॅमेरा वापरीत असे. तेथे हा गुणाकार नव्हता. उन्हाची फिल्म वेगळी, दिव्याची वेगळी, आणि उन्हाची फिल्म दिव्याखाली वापरावयाची तर भिंगापुढे निळी काच लावावी लागे. एकदा फिल्म भरली की छत्तीस फोटो होईतो सुटका नसे.

निळी काच म्हटल्यावर मला आपल्या घरोघरची नीळ आठवते. मावशींना समजावून सांगताना शेवटी तीच माझ्या उपयोगी पडली. पांढरे कापड धुवून धुवून पिवळे पडते. आपल्या आयाबहिणी काय करतात? बादलीभर पाण्यात चार थेंब नीळ घालून त्यात कापड बुचकळतात. नीळ पिवळेपणा काढून टाकीत नाही. पिवळ्याच्या वरचढ होण्यापुरते निळे घालून ती दोघांचा तोल साधते. कापड खरे तर तसूभर काळसरच होते, पण डोळ्यास शुभ्र दिसते. व्हाइट बॅलन्स हा इंग्रजी शब्द गावात येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आपल्या बायका विहिरीवर तो करीत होत्या! नीळ कमी पडली तर कापड पिवळे राहते, जास्त पडली तर निळे डाग. मांडूस माझी नीळ जास्त पडली, इतकेच. हे सांगताच मावशींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “असं सरळ सांगायचं ना मग!”

धारला आणखी एक जागा पाहिली, तिचा आपल्या लोकांशी जवळचा संबंध आहे. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे आपल्या वसईचे. १८८४ साली येथेच त्यांचा जन्म झाला. मुंबईस चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा जो पुतळा आहे तो त्यांच्याच हातचा. पुढे ते धारला जाऊन राहिले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७२ साली ते वारले. त्यांनी केलेले पुतळे धारच्या फडके स्टुडिओत ठेवलेले आहेत. वसईचा माणूस माळव्यात जाऊन इतके काम करून ठेवतो आणि वसईत त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नसते, याची मला थोडी खंत वाटली. आमच्या मंडळींपैकीही बहुतेकांना ते नाव नवेच होते. असो.

पुतळ्यांचा फोटो काढणे ही समतोलाची खरी परीक्षा आहे. मनुष्याच्या चेहऱ्यात रंग थोडा इकडेतिकडे झाला तर खपून जाते. पांढऱ्या पुतळ्यास लपावयास जागा नाही. प्रकाशाची जी झाक असेल ती त्याच्या अंगावर उघडी पडते. अशा वेळी चिन्हांवर विसंबू नये, प्रत्यक्ष मोजावे. बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन त्रिकोण आणि मध्ये एक लहान चौकोन असे चिन्ह असते. ज्या उजेडात वस्तू आहे त्याच उजेडात, वस्तूच्याच जागी, एक करडा किंवा पांढरा कागद धरावा; त्याने कॅमेऱ्याची दृष्टी भरून टाकावी, फोटो घ्यावा आणि ‘हे पांढरे समज’ असे कॅमेऱ्यास त्या चिन्हाने सांगावे. मग उजेड बदलेपर्यंत चिंता नाही.

येथे मी दुसरी चूक केली. कागद जवळ नव्हता, म्हणून खिशातला धुवट रुमाल धरला. फोटो पिवळट आले. आमच्याबरोबर गावचा एक तरुण होता. लग्नाकार्याचे फोटो काढणे हा त्याचा धंदा. त्याने रुमाल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, “फादर, नीळ कोण घालतं तुमच्याकडे?” रुमाल निळसर होता. त्याला पांढरे मानल्यावर कॅमेऱ्याने सगळ्या जगास पिवळे ठरविले. शिवाय हल्लीच्या धुण्याच्या भुकटीत असे द्रव्य असते, की जे उन्हातला अदृश्य अतिनील प्रकाश शोषून घेते आणि त्याचा निळसर उजेड बाहेर टाकते. तेव्हा अत्यंत शुभ्र कापड हे मोजमापास अत्यंत वाईट. त्या तरुणाजवळ एक करडे कार्ड होते. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आणि कोणत्याही रंगाचा पक्षपात न करणारे असे हे कार्ड बाजारात मिळते. पांढरे शोधावयाचे तर करडे जवळ बाळगावे, हे मला तेव्हा कळले.

आणि पुतळ्यालाच पांढरे का मानू नये? पुष्कळजण तसे करतात. पण जुने प्लास्टर पिवळसर होते. तो त्याच्या वयाचा रंग आहे. पुतळ्यास पांढरे ठरविले तर कॅमेरा ते वय पुसून टाकील. आमच्या पॅरिशच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांचे मी फोटो घेतले तेव्हा प्रथम हेच केले होते. पानाच्या कोऱ्या भागावर समतोल साधला. पाने नव्या वहीसारखी पांढरी आली आणि तपकिरी पडलेली शाई निळसर काळी दिसू लागली. जणू त्या नोंदी कालच झाल्या! ते सगळे काम मला पुन्हा करावे लागले.

देवासचा प्रसंग थोडक्यात सांगतो. देवास हे इंदूरहून सुमारे ३५ किलोमीटर. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंपासून तेथे दोन घराणी चालली, थोरली पाती आणि धाकटी पाती. आणि १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत त्या एकाच शहरात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता आणि त्याने त्या दिवसांवर १९५३ साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि दुसरी दुसऱ्या राज्यात, पाण्याची आणि दिव्यांचीही व्यवस्था दोन्हीकडे निरनिराळी, असे त्या काळाविषयी सांगतात.

तेथल्या एका मराठी कुटुंबाने आम्हांस जेवावयास बोलाविले होते. जेवणानंतर घरातल्या दोघी जावांचा फोटो घेतला. एक खिडकीशी बसली होती, दुसरी आत बल्बखाली. फोटोत थोरल्या जाऊबाई निळ्या आणि धाकट्या पिवळ्या! थोरलीला बरे करावयास जावे तर धाकटी अधिक पिवळी होई. धाकटीला बरे करावे तर थोरली अधिक निळी. तेव्हा मला देवासच्या त्या रस्त्याची आठवण झाली. एका चित्रात दोन प्रकाशांचे राज्य असले म्हणजे समतोल एकाचाच होऊ शकतो. त्यावर कोणतेही चिन्ह नाही, कोणताही आकडा नाही. उपाय एकच, की एका राजाला पदच्युत करावे. आम्ही बल्ब मालविला, दोघींना खिडकीशी बसविले, आणि फोटो सुरेख आला.

त्याच सायंकाळी पाऊस थांबला आणि टेकडीवर वीसेक मिनिटे ऊन पडले. ओले दगड, ओली माणसे, सर्वांवर केशरी रंग. आमच्यापैकी ज्यांनी कारभार कॅमेऱ्यावर सोपविला होता त्यांच्या फोटोंत ते केशर निम्मे उडून गेले, कारण कॅमेऱ्याने त्यास दोष समजून फेडले. अशा वेळी सूर्याचे चिन्ह ठेवून स्वस्थ बसावे. प्रत्येक झाक काही धुवून काढावयाची नसते. मेणबत्त्यांच्या उजेडातला चेहरा ट्यूबलाइटखालच्यासारखा पांढराफटक करून ठेवणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही.

आता त्या मावशींकडे वळतो. त्यांच्या प्रश्नामागे होशंगशाहाची कबर नव्हती, हे मला चार दिवसांनी कळले. त्या पॅरिश-हाऊसमध्ये आल्या आणि पदराखालून एक चौकटीतला फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. तो त्यांच्या यजमानांचा होता. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मी त्यांना चांगले ओळखत होतो. केळीच्या वाडीत जन्म गेलेला, उन्हाने रापलेला, काळाभोर माणूस. फोटोतला गृहस्थ गोरा होता. नाक-डोळे तेच, पण गालांना गव्हाच्या पिठाचा हात लावल्यासारखा. मावशी म्हणाल्या, “नातवाला सांगते हे तुझे आजोबा, तर तो म्हणतो माझे आजोबा काळे होते.”

तो फोटो एका पुतण्याच्या लग्नातला, आणि काढणारा आमच्याबरोबर सहलीला आलेला तोच तरुण. मी त्याला बोलाविले. तो खाली मान घालून म्हणाला, “घरच्यांनीच सांगितलं होतं फादर, सगळ्यांना जरा गोरं करा म्हणून. सगळेच सांगतात.” तो खोटे सांगत नव्हता. पांढऱ्याचा समतोल म्हणजे माणसे पांढरी करण्याची कळ, असाच पुष्कळांचा समज आहे. आणि वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. समतोल बरोबर साधला म्हणजे काळा मनुष्य जसा आहे तसा काळा दिसतो. त्याच्या कातडीतला तांबूसपणा, तकाकी, सगळे त्याचे त्याला परत मिळते. गोरे करणे हा त्यानंतरचा उद्योग. तो आपल्याकडेच चालतो असेही नाही. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळविण्यासाठी एका स्त्रीचे चित्र पाठवीत असे. तिला ‘शर्ली’ म्हणत. ती स्त्री गोरी. तिचा चेहरा ठीक छापला गेला की सर्व ठीक, असा १९५० नंतरच्या काही दशकांचा रिवाज होता. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली पत्रे पुढे पुष्कळ वर्षांनी आली. तोवर काळ्या माणसांनी शर्लीच्या मापाने दिसावयाचे.

सुदैवाने त्या तरुणाने लग्नाच्या मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या, आणि त्या ‘रॉ’ जातीच्या होत्या. याचा अर्थ असा, की त्या सूक्ष्म घरांत किती प्रकाश जमला याचे कच्चे आकडे त्यांत जसेच्या तसे असतात; समतोलाचा गुणाकार मागाहून करता येतो, मोडता येतो, पुन्हा करता येतो. जुन्या निगेटिव्हची ही बहीणच. नेहमीच्या फाइलीत गुणाकार आधीच होऊन जादा आकडे फेकून दिलेले असतात; तेथे मागे जाण्याची वाट फार अरुंद. ज्यांच्या घरी लग्नकार्य असेल त्यांनी फोटोवाल्यास रॉ फाइली ठेवावयास अवश्य सांगावे.

दुसऱ्या दिवशी तो आपला संगणक घेऊन आला. मावशी त्याच्या शेजारी बसल्या, मी पाठीमागे उभा राहिलो. त्याने मूळ चित्र उघडले. हॉलमधल्या दिव्यांनी सगळे पिवळे झाले होते, पण मनुष्य ओळखीचा होता. रंग उचलण्याची एक नळी पडद्यावर असते. ती त्याने यजमानांच्या शर्टाच्या पांढऱ्या कॉलरवर टेकविली. म्हणजे कॅमेऱ्यास सांगितले, हे पांढरे. पिवळेपणा उतरावयास हवा होता; तो थोडासाच उतरला. चेहरा कावीळ झाल्यासारखा राहिला. तरुण गोंधळला. त्याने पुन्हा कॉलरच्या दुसऱ्या टोकास नळी लावली, पुन्हा तेच.

“कॉलरवर नको बाळा,” मावशी म्हणाल्या. “त्या दिवशी नीळ जास्त झाली होती. घरातून निघताना हे बोललेसुद्धा मला.”

त्याने नळी बाजूला ठेवली आणि केल्विनच्या आकड्याची पट्टी हाताने हळूहळू सरकवू लागला. पिवळेपणा उतरत गेला. मावशी चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. “अजून,” त्या म्हणाल्या. “अजून थोडं. आता गोरा नको करूस हं.” तो थोडा पुढे गेला. “नाही, मागे ये.” तो मागे आला. असे पाच-सात वेळा झाले. मग त्या म्हणाल्या, “थांब.”

त्याने हात काढून घेतला. पट्टी ३४५० वर होती. त्याने तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून घेतला, आणि मावशींनी ती चिठ्ठी मागून घेतली.